एका गाण्याची सीडी, अकरा जणी

१२ नोव्हेंबर, रोहा

यांची नाइट. सकाळी साडेसातला आले, आंघोळ, भाकरी, झोप. म्हणजे दुपारी तीनपर्यंत माझं मशीन बंद. चार ब्लाउज कापून पडलेत, नुसती बघत बसलेय. कंपनीतून आलेल्या माणसाची झोप मोडायची नाही, हे सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. अकरा वर्षं झाली. या घरात सगळ्या चवड्यांवर चालतात. आमची मिनू सात वर्षांची, ती तर बाहुलीशीसुद्धा कुजबुजून बोलते.

अकराच्या सुमाराला कॉलेजच्या तीन पोरी दारात. गॅदरिंगच्या नाचाला पाच जॅकेटं हवीत. फोनवर कोरियन मुलींचं गाणं दाखवायला आणलं होतं. म्हटलं, आवाज बंद करा आधी. मुक्यानेच बघितलं. आठ-नऊ वेळा, शिवण कळेपर्यंत. आखूड जॅकेट, खांद्याला पट्टी, पाठीवर चुण्या. जमेल.

तिघींतली उंच ती खांब गावची, प्रांजल. सेकंड इयर. जाताना म्हणाली, "काकी, एकदा आवाजासकट बघा. मग कळेल हात किती वर जातो ते. नायतर बगलेत फाटेल."

१३ नोव्हेंबर

हे बाजारात गेले तेव्हा ऐकलं. शब्द एकही कळला नाही. तीन मिनिटं उभीच होते, हातात कात्री. मिनू मधल्या खोलीतून धावत आली आणि नाचायलाच लागली. मोठ्याने हसली. तिचं हसणं एवढं मोठं आहे हे मला...

यांच्या आईंनी आतून विचारलं, "काय गो, कोन भांडतंय?"

बंद केलं.

१९ नोव्हेंबर

प्रांजल कापड घेऊन एकटीच आली. बगल मोठी ठेवते म्हटलं, खूश. मी विचारलं, या बायकांची अजून गाणी आहेत का? तर तासभर बसली. आधी एकच गाणं काढतात म्हणे, त्याला सिंगल म्हणायचं. अल्बम मागून. फोनवर फुकट ऐकता येतं, नेट पॅक तेवढा हवा. "म्हणून तर काकी, खांबपास्नं पेणपर्यंत सगळ्या पोरींना पाठ हाय. फुकटचं हाय म्हणून आपल्याला परवडतं."

त्या मुली दिवसाचे बारा-बारा तास सराव करतात, जेवायचंसुद्धा कंपनी ठरवते, असंही तिनेच सांगितलं.

मी म्हटलं, "मग त्याही अडकलेल्याच की."

"व्हय. पण नाचताना दिसत नाय ना."

२७ नोव्हेंबर

यांची फर्स्ट शिफ्ट. चार दिवस सकाळी मशीन चालू, बरं वाटतंय.

प्रांजलने मला त्यांच्या ग्रुपात घेतलं. दहा पोरी होत्या, मी अकरावी. पेणची साक्षी मुख्य. तिने विचारलं, तुम्ही कुठल्या कॉलेजला? मी लिहिलं, रोह्याला असते. खोटं नाही. खरंही नाही.

इअरफोन एकाच कानात घालते. डावा गाण्याला, उजवा आईंना. हाक आली की कळलं पाहिजे.

४ डिसेंबर

ग्रुपात गडबड. नव्या सिंगलची सीडी निघालीय, खरी, कोरियाहून येणारी. अल्बम म्हणजे माझी दोन महिन्यांची फॉल-पिकोची कमाई. सिंगल त्याच्या पाव किमतीत, पण टपाल नि कस्टम धरलं तर तीही एकटीला झेपत नाही. साक्षी म्हणते, अकरा जणी मिळून एक घेऊ, प्रत्येकीकडे आठवडाभर. सगळ्या लगेच तयार.

मी विचारलं, सीडी लावायचं यंत्र कुणाकडे आहे?

कुणाकडेच नाही. सगळ्या हसल्या. साक्षीने लिहिलं, "ताई, ऐकायला फोन आहे. ही हातात धरायला."

मला ते एकदम पटलं. का ते सांगता येणार नाही.

पत्ता कुणाचा द्यायचा यावर अडलं. प्रत्येकीच्या घरी पार्सल आधी बाप उघडतो. शेवटी मी माझा दिला.

१० डिसेंबर

प्रांजलचे वडील आले होते. कोलाडला काम होतं, तिथून मिनीडोर रिक्षाने इकडे. साधा माणूस. पावसात भात, नंतर वाल, एवढंच आयुष्य. पायरीवरच बसले, आत या म्हटलं तरी येईनात.

"ताई, तुमचं माहेर जोह्याचं ना? तिकडचं एक स्थळ सांगून आलंय प्रांजलला." घराचं नाव सांगितलं. गणपतीच्या मूर्तींचा मोठा कारखाना, माणसं ओळखीची. लग्नाआधी मी भावाच्या कारखान्यात रंगकाम करायचे तेव्हा त्यांच्याकडचे लोक रंग मागायला यायचे. मी म्हटलं, चांगली माणसं आहेत. कष्टाळू. मुलगा निर्व्यसनी.

"तुम्ही म्हणता म्हंजे झालंच."

ते गेल्यावर लक्षात आलं, प्रांजलला काय हवंय हे मी त्यांना विचारलंच नाही. माझ्या वेळी भावाने कुणाला तरी असंच विचारलं असणार. त्यानेही म्हटलं असेल, चांगली माणसं आहेत.

आणि हे चांगले आहेतच. तोच तर...

२१ डिसेंबर

पार्सल आलं. पोस्टमनने आईंच्या हातात दिलं. आईंनी हलवून बघितलं, वास घेतला.

"काय गो ह्यात? औषध हाय?"

"शिवणाचा नमुना."

"इतक्या लांबना?"

"हो."

आत नेऊन उघडलं. पातळ वही, पाचजणींचे फोटो, मधे सीडी. कागदाचा वास आपल्याकडच्यासारखा नाही. ग्रुपात फोटो टाकला तर पोरी वेड्यासारख्या झाल्या. साक्षी म्हणे मी रडले.

पहिला आठवडा साक्षीचा. कुणीतरी दिवा पॅसेंजरने पेणला नेऊन देणार.

२३ डिसेंबर

गॅदरिंग. मला पोरींनी पास दिला होता. यांना विचारलं. "रात्री आठपर्यंत तू तिथे, मग आईला जेवण कोण वाढणार?" बरोबर आहे. नाही गेले.

व्हिडिओ आला रात्री. पाचही जॅकेटं टिकली. प्रांजल मधे. घरी पायरीवर बसलेल्या त्या माणसाची मुलगी ही, हे पटेना. खरंच चांगली नाचते. नुसती हौस नाही ती.

९ जानेवारी

माझा आठवडा. सीडी कपड्यांच्या खाली ठेवलीय. ब्लाउजचे हात लावून झाले की काढून बघते. त्यांची अक्षरं शिकतेय, प्रांजलने तक्ता पाठवला. चौकोनात चौकोन, सोपी आहेत. आज पाचातल्या एकीचं नाव एकटीने वाचलं. पस्तिसाव्या वर्षी पहिलीतल्यासारखं बोट ठेवून.

हे झोपेतून उठून आले. "काय करतेस?" माप लिहितेय म्हटलं.

१८ जानेवारी

मी सीडी द्यायला हाक मारली होती, प्रांजल आली तर चेहरा उतरलेला. घरच्यांना जोह्याची माणसं पसंत आहेत, आता फक्त बघायला यायचं राहिलंय. ती म्हणाली, "बाबा म्हणतात, काकींनी सांगितलंय घर चांगलं हाय."

मी खाली बघत सुई ओवत राहिले.

मग तिने दुसरं सांगितलं. मुंबईला या गाण्यांवरच्या नाचाची मोठी स्पर्धा आहे, एकतीसला. मुंबईच्या चौघी तिला घ्यायला तयार आहेत, त्यांनी गॅदरिंगचा व्हिडिओ बघितला. जिंकलं तर एका डान्स क्लासात शिकवायचं काम मिळू शकतं. घरी सांगायची सोय नाही.

"मग काय करणारेस?"

"बघते काहीतरी."

सीडी घेऊन गेली.

३१ जानेवारी

सगळं लिहून ठेवते.

सकाळी सहाला प्रांजलचा मेसेज. "काकी, पॅसेंजरमधे बसलेय. घरी सांगितलंय तुमच्याकडे शिवण शिकायला जातेय. संध्याकाळच्या गाडीने परत. प्लीज."

मला विचारलंसुद्धा नाही. राग आला. मग वाटलं, संध्याकाळी येणारच आहे.

दुपारी दोनला तिचे वडील दारात. हे नाइट करून झोपलेले. आई ओटीवर वाल सोलत होत्या.

"पोरगी हाय ना हितं? जोह्याचा फोन आला. उद्या सकाळी बघायला येतायत. न्यायला आलोय."

आईंनी सोलायचं थांबवलं.

मी म्हटलं, "आहे ना. लेस आणायला पेणला पाठवलंय. संध्याकाळच्या गाडीने येईल, मीच बसवून देते तिला मिनीडोरमधे."

कसं सुचलं, एका दमात. आवाज खाली ठेवून, यांची झोप मोडू नये म्हणून.

ते म्हणाले, "बरं झालं. मग मी जातो. वाल काढायला माणसं लावलीत, त्यांच्यावर बघाया कोन नाय." आणि हसून गेले.

आई पुन्हा सोलायला लागल्या.

संध्याकाळच्या गाडीला स्टेशनवर गेले. भाजी आणायला म्हणून. गाडी रिकामी झाली. ती नाही. फोन बंद. घरी आल्यावर मेसेज, "काकी, दुसरा राऊंड उद्या आहे, आम्ही निवडले गेलो!!! थांबावं लागेल. घरी काहीतरी सांगा ना."

काहीतरी.

तिच्या वडिलांचा फोन आला, दोनदा. उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलून म्हटलं, गाडी चुकली, उद्या सकाळी येईल, माझ्या ओळखीच्यांकडे आहे पेणला. ते "बरं" म्हणाले. त्या "बरं"वरूनच मला कळलं, त्यांनी ओळखलंय.

१ फेब्रुवारी

तिचे वडील अकराला आले. या वेळी पायरीवर बसले नाहीत, सरळ आत आले. आवाज चढवला नाही, पण हे उठले. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी यांना उठवलं.

त्यांनी सीडी टेबलावर ठेवली, पाकिटासकट. प्रांजलच्या कपड्यांत सापडली. मुंबईचं त्यांना तिच्या मैत्रिणींकडून कळलं होतं. पाकिटावर माझं नाव, आमचा पत्ता. यांनी ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

जोह्याची माणसं सकाळी येऊन गेली, म्हणाले. त्यांना सांगितलं, पोरगी शिवणाच्या ताईंकडे हाय, रात्री ताप भरला, तिथंच झोपलीय.

"मी तोंडावर खोटं बोललो त्यांच्या. पयल्यांदा. ताई, तुम्ही हाय म्हणालात म्हणून मी शेतावर गेलो. नायतर दुपारच्याच गाडीनं मुंबई गाठली असती. तुम्ही घर चांगलं म्हणालात, मी हो म्हटलं. तुम्ही पोरगी हाय म्हणालात, मी हो म्हटलं."

पाकीट तसंच टेबलावर ठेवून ते निघाले.

दारातून परत वळले. "जोह्याहून तुमच्या भावाने विचारलं, तर तापच होता म्हणा. आता तुम्हाला तेवढं करायलाच लागंल."

ते गेल्यावर हे म्हणाले, "तुला काय कमी आहे इथे?"

कमी काही नाहीच. ते कसं सांगू?

२ फेब्रुवारी

हे चिडलेले नाहीत, ते जास्त वाईट. शांतपणे नियम सांगितले. फोनवर फक्त कॉल, नेट पॅक मारायचा नाही. कॉलेजच्या पोरींचं शिवण घ्यायचं नाही, बायकांचं घ्यायचं. सीडी कपाटावर टाकली.

"उद्या त्या पोरीचं काही झालं असतं, तर पोलीस आपल्या दारात आले असते. कळतं का?"

कळतं.

मग जेवताना, मान खाली घालून, "मला कंपनीत काय आवडतं म्हणून जातो का? नाकाला वास बसलाय तो आंघोळ केली तरी जात नाही. माणूस जातो, येतो. संपलं."

हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं. मला हात पुढे करावासा वाटला. भात वाढला.

दुपारी आई भांडी लावताना म्हणाल्या, "ती नव्हती हितं, मला ठाव होतं. तू बोललीस म्हनून गप ऱ्हायले." मी विचारलं, का? "घरातल्या बाईला परक्या मानसासमोर खोटी पाडायची नसते." आणि थोड्या वेळाने, "पन बापाला फसवलंस गो. ते नाय बरं केलंस."

४ फेब्रुवारी

प्रांजल काल परत आल्याचं साक्षीने फोन करून सांगितलं. तिच्या मामाने मुंबईहून आणली. मारलं नाही. फोन घेतला, कॉलेज फक्त परीक्षेपुरतं.

दुसरा राऊंड त्या जिंकल्या. फायनल बाकी आहे.

साक्षीला आता माझं वय कळलंय. "काकी" म्हणाली. सगळ्यांच्या घरी कळलं म्हणून ग्रुप बंद केला.

१२ फेब्रुवारी

भावाचा फोन. इकडचं तिकडचं बोलला. मग, "काय गो, त्या खांबच्या पोरीला तुझ्याकडे ताप आला होता म्हणे?"

"हो. खूप."

"आता बरी हाय ना? त्यांच्याकडनं विचारत होते. पोरगी आजारी राहनारी नाय ना?"

"नाही रे. धडधाकट आहे."

फोन ठेवला. म्हणजे आता त्या लग्नाला माझा दुसरा होकार.

१६ फेब्रुवारी

यांची नाइट. घर चिडीचूप. नेट नाही, गाणं नाही. डोक्यात वाजतं, पण मधली एक ओळ विसरलेय, तिथे येऊन अडकतं आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर हेच.

मिनूने विचारलं, ते नाचायचं गाणं कुठे गेलं? म्हटलं, पैसे संपले त्याचे. फुकट होतं ना, म्हणाली.

२५ फेब्रुवारी

जोह्याची माणसं खांबला जाऊन आली. पसंत. साखरपुडा सत्तावीस मार्चला, लग्न परीक्षेनंतर.

प्रांजलच्या वडिलांनी यांना फोन केला. साखरपुड्याचे, लग्नाचे सगळे ब्लाउज माझ्याकडेच शिवायचे आहेत. यांना आश्चर्य वाटलं. मला नाही. शिवणाच्या ताईंकडे ताप आला होता, तर शिवण ताईंकडेच गेलं पाहिजे. नाहीतर जोह्यात विचारतील, का बदललं?

हे म्हणाले, "घे. पण पोरीशी एकटीने बोलायचं नाही."

६ मार्च

आज प्रांजलकडचे तिघं आले. वडील बाहेर मिनीडोरपाशी थांबले, तिची आई नि प्रांजल आत. हे झोपलेले, म्हणून सगळं हळू आवाजात. तिच्या आईने साड्या पसरल्या. हिरवी, मोतिया, एक जांभळी. चांगल्या घेतल्यात, हात आखडता नाही घेतला.

प्रांजल वाळलीय. मुकाट उभी राहिली. मी छाती, कंबर, दंड मापत गेले आणि तिची आई वहीत लिहीत गेली. त्या वयाची कुणी मुलगी मापाला इतकी स्थिर उभी राहिलेली मी बघितली नाही.

सासूबाईंनी तिच्या आईला चहाला आत बोलावलं. का बोलावलं ते देव जाणे. त्या कधी कुणाला आत बोलावत नाहीत.

दीड-दोन मिनिटं असतील. मी टेप पाठीवर धरून उभी. ती समोर भिंतीकडे बघत बोलली.

"काकी, तेवीसला फायनल आहे. रविवार आहे. मी जाणार. ह्या वेळी तुमचं नाव नाय घेणार कुठं. तुम्ही फक्त कुणाला सांगू नका."

मी विचारलं, "आणि सत्तावीसला?"

"ते तेवीसनंतर बघू."

"वडिलांचं काय गं?"

त्यावर तिचे डोळे भरले. "मला त्यांचंच वाईट वाटतं. पण मी नाय गेले तर मग आयुष्यभर त्यांच्यावरच राग धरीन." मग थांबून, "सांगणार नाय ना?"

"नाही."

आतून कपबशीचा आवाज आला. मी पुन्हा माप घ्यायला लागले. ती नेहमीच्या आवाजात, आपल्या आईला ऐकू जाईल असं म्हणाली, "काकी, बाजूला शिवणीत माया जास्त ठेवा हां."

निघताना तिच्या वडिलांना पाणी द्यायला बाहेर गेले. तांब्या परत देताना त्यांनी मला थांबवलं. महिन्याभरात म्हातारे झालेत.

"ताई, झालं ते झालं. मी धरून नाय बसलो. पन पोरगी गप गप असते. तुमच्याशी बोलते ती. परत काय मनात आनलं तिनं, तर मला सांगाल ना? मी मारनार नाय, ओरडनार नाय. फक्त आधी कळलं पायजे. त्या दिवशीसारखं वालात वाकलेलं असताना नको."

माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी म्हटलं, "सांगेन."

गेले. मशीन अजून बंद आहे, तीन वाजायला वेळ आहे. हिरवा ब्लाउज कापायला घेतलाय. आज सहा तारीख. मधे सतरा दिवस, आणि मी दोघांनाही हो म्हणून बसलेय.